शस्त्रक्रियेपूर्वीचे भय : अंडाशयाच्या गाठीवरील शस्त्रक्रियेच्या इतिहासाची दुसरी बाजू
(कळवा-कल्याण परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुतांशी शस्त्र हाती घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणती शस्त्रक्रिया कोणी, कोठे व कोणत्या साली प्रथम केली, तिच्यात पुढे कोणत्या सुधारणा झाल्या, मृत्यूचे प्रमाण कसे घटले, याच्या नोंदी तपशीलवार मिळतात. मात्र जिच्या पोटावर ते शस्त्र चालले, त्या स्त्रीने आदली रात्र कशी काढली याची नोंद क्वचितच आढळते. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या बाजूचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी अंडाशयातील संशयित कर्करोगाच्या गाठीवरील शस्त्रक्रियेची निवड केली आहे. पोट उघडून करावयाच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा आरंभच मुळी अंडाशयाच्या गाठीपासून झाला, हे या निवडीचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते या आजाराच्या स्वरूपात दडलेले आहे.

ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेले कळवा हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांमुळे घाटावरून व कोकणातून आलेला कामगारवर्ग येथे स्थिरावला. पुढे मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्गही आला. ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथे आहे व १९९२ मध्ये स्थापन झालेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्यास जोडलेले आहे. कळवा, मुंब्रा व दिव्यापासून शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंतच्या स्त्रिया ज्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांवर विसंबून असतात, त्यांपैकी हे एक होय. पोट फुगल्याची, भूक मंदावल्याची, पाळी सरूनही अंगावर जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या एखाद्या स्त्रीच्या सोनोग्राफीत गाठ दिसते आणि त्या दिवसापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतचा काळ तिच्यासाठी एक वेगळाच काळ बनतो.

या काळाचे वेगळेपण समजून घेणे आवश्यक आहे. तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तपासता येतो. निदान आधी होते व मग उपचार ठरतात. अंडाशय मात्र पोटात खोल असते. गाठ तेवढ्यापुरतीच मर्यादित असेल, तर सुई टोचल्याने तिच्यातील द्रव पोटात सांडून रोग पसरण्याचा धोका संभवतो. म्हणून अशा गाठीला सहसा सुई लावत नाहीत. सोनोग्राफी व सीए-१२५ ही रक्ततपासणी यांवरून केवळ अंदाज बांधला जातो. रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तयार केलेल्या प्रतिपिंडावर ही तपासणी आधारलेली आहे. तिचा आकडा ३५ च्या वर गेला की घरात धास्ती शिरते. परंतु एंडोमेट्रिऑसिसमध्ये, पाळीच्या दिवसांत आणि पोटाच्या क्षयरोगातही तो वाढतो. क्षयरोग घरोघर माहीत असलेल्या आपल्या देशात ही शेवटची शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. पोटात पाणी झालेली, वजन घटलेली, सीए-१२५ वाढलेली स्त्री कर्करोगाच्या संशयाने शस्त्रक्रियेस घेतली जाते आणि तपासणीअंती क्षयरोग निघतो, असे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात वारंवार नोंदलेले आहेत. पाळी चालू असलेल्या वयातील अंडाशयाच्या बहुसंख्य गाठी साध्याच असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तात्पर्य, निश्चित उत्तर पोट उघडल्यावरच मिळते, आणि ते मिळते तेव्हा ती स्त्री बेशुद्ध असते. एक अंडाशय जाईल की दोन्ही, गर्भाशय राहील की तेही काढले जाईल, गाठ ‘साधी’ निघेल की ‘वाईट’, यांपैकी काहीही ठाऊक नसताना तिला टेबलावर जावे लागते. या अनिश्चिततेशी स्त्रियांनी आजवर कसा सामना केला व समाजाने त्यांना कितपत साथ दिली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

डॅनव्हिल, डिसेंबर १८०९

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील केंटकी प्रांतात होतो. जेन टॉड क्रॉफर्ड या शेतकरी कुटुंबातील स्त्रीचे पोट वाढत होते. जुळी मुले असावीत व दिवस उलटून गेले असावेत, असा समज होता. इफ्रेम मॅक्डॉवेल या शल्यविशारदाने तिला तपासून हा गर्भ नसून अंडाशयाची गाठ असल्याचे निदान केले. पोट उघडणे म्हणजे मृत्यू, असे त्या काळी वैद्यकातील थोरथोर मंडळी मानीत. अशी गाठ कोणी काढल्याचे आपल्या माहितीत नाही, हा एक प्रयोगच ठरेल, हे मॅक्डॉवेलने तिला स्पष्टपणे सांगितले. तिची तयारी असेल तर तिने डॅनव्हिल येथे यावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. ती घोड्यावर बसून सुमारे ६० मैल अंतर कापून गेली. १८०९ च्या नाताळच्या दिवशी ही शस्त्रक्रिया झाली. भुलीचा शोध लागण्यास अद्याप ३७ वर्षे होती. सुमारे २५ मिनिटांत साडेबावीस पौंडांची गाठ काढण्यात आली. त्या वेळी ती बायबलातील स्तोत्रे म्हणत होती, असे सांगितले जाते. पाचव्या दिवशी ती स्वतःचे अंथरूण आवरताना डॉक्टरला दिसली. त्यानंतर ती ३२ वर्षे जगली.

ही कथा सहसा शल्यविशारदाच्या धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. मात्र भीतीशी सामना करण्याच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिल्यास वेगळ्याच गोष्टी नजरेत भरतात. त्या स्त्रीला धीर देण्यासाठी खोटे सांगितले गेले नाही. धोका लपवला गेला नाही. निर्णय तिच्यावर सोपवला गेला. ६० मैलांचा तो प्रवास म्हणजे एका परीने तिचे संमतिपत्रच होते, कारण वाटेत कोठूनही परत फिरणे तिला शक्य होते. स्तोत्रपठणाची गोष्ट खरी मानली, तर शब्द व लय यांत मन गुंतवून वेदना सोसण्याचा मार्गही तिने स्वतःच निवडला होता. अर्थात हे चित्र सर्वांना सारखे लागू होत नाही. मॅक्डॉवेलच्या पुढील रुग्णांत गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियाही होत्या. परत फिरण्याचा अधिकार त्यांना कितपत होता, हे त्या काळच्या वैद्यकीय टिपणांत कोणी विचारलेले नाही.

भारतीय परंपरेतही शस्त्रकर्माआधीच्या तयारीचा विचार आढळतो. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग मानले आहेत. शस्त्राची वेदना जाणवू नये म्हणून रुग्णास आधी भोजन व तीक्ष्ण मद्य द्यावे, परंतु उदराच्या शस्त्रकर्मात मात्र त्यास उपाशी ठेवावे, असा भेदही तेथे केला आहे. रुग्णाचे मन हा तयारीचा एक भाग आहे ही जाणीव जुनी आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे. यापलीकडे त्यातून अधिक अर्थ काढणे उचित होणार नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला व १८४७ मध्ये एडिंबरा येथे जेम्स सिम्प्सन याने क्लोरोफॉर्म वापरात आणले. वेदनेचे भय ओसरले. परंतु भय नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. त्याने जागा बदलली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली १५ वर्षांची हॅना ग्रीनर ही मुलगी काही मिनिटांतच मरण पावली. ‘आपण जागे होऊ की नाही’ हे भय तेव्हापासूनचे आहे. त्याहूनही खोलवर गेलेला बदल असा, की आजवर जागी असलेली, कण्हणारी, ‘थांबा’ म्हणू शकणारी स्त्री आता गप्प झाली. तिच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्या अनुपस्थितीत घेता येऊ लागला.

भय हेच रोगाचे लक्षण

या गप्प होण्याचा दुरुपयोग किती लवकर झाला, हे पाहण्याजोगे आहे. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात रॉबर्ट बॅटी याने एका तरुण स्त्रीची अंडाशये काढली. पाळीशी निगडित त्रास, झटके व मनोविकार यांचे मूळ अंडाशयात असते, अशी त्याची धारणा होती. पुढील दोन-तीन दशकांत ‘बॅटीची शस्त्रक्रिया’ या नावाने युरोप-अमेरिकेत असंख्य स्त्रियांची अंडाशये काढण्यात आली. त्यांपैकी कित्येकींच्या अंडाशयांत गाठ वा रोग काहीच नव्हते. अस्वस्थता, रडू येणे, झोप न लागणे, ‘हट्टीपणा’ ही कारणे पुरेशी मानली गेली. हिस्टेरिया हा शब्दच मुळात गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला आहे. ज्या चिंतेला आधार द्यावयाचा, तिलाच रोगाचे लक्षण ठरवून शस्त्र चालवावे, असा हा विपरीत न्याय होता.

लंडन येथील स्पेन्सर वेल्स याचे कार्य या पार्श्वभूमीवर उठून दिसते. १८८० पर्यंत त्याने अंडाशयाच्या गाठींच्या सुमारे १००० शस्त्रक्रिया केल्या होत्या. विशेष म्हणजे, दगावलेल्या रुग्णांसह साऱ्यांच्या नोंदी तो प्रसिद्ध करीत असे. त्यामुळे शस्त्रक्रियेस सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रीला व तिच्या घरच्यांना निदान एक आकडा विचारता येऊ लागला. भीतीवर आकड्याचा उतारा पुरेसा नसतो हे खरे, परंतु आकडा दडवून ठेवल्याने भीती कमी होते असेही नाही.

कल्याण, मुंबई आणि परपुरुषाचे भय

ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ मध्ये व कल्याणपर्यंत १८५४ मध्ये आली. कळव्याच्या भूमीवरून लोहमार्ग गेला, तरी येथील स्त्रीच्या दृष्टीने मुंबईतील रुग्णालय दीर्घकाळ दूरच राहिले. अंतर मैलांचे नव्हते. पुरुष डॉक्टरसमोर शरीर उघडे करण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे किंवा मरणही बरे, असे मानणारा तो समाज होता. पाश्चात्त्य स्त्रीसमोर वेदनेचे व मृत्यूचे भय होते, तर येथील स्त्रीसमोर त्याआधी लज्जेचे भय उभे होते.

याच परिसराने या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले, ही बाब स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या व कल्याण येथे बालपण गेलेल्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाला व ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल योग्य उपचारांअभावी थोड्याच दिवसांत गेले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात दिलेल्या इंग्रजी व्याख्यानात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत याची कारणे मांडली. भारतीय स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जाण्यास संकोचतात, म्हणून या देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता. कोल्हापूर येथील एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. ज्या स्त्रियांच्या भीतीसाठी त्या एवढ्या दूर गेल्या, त्यांच्यापैकी एकीच्याही उशाशी त्यांना डॉक्टर म्हणून फार काळ बसता आले नाही.

आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांची देणगी, सोराबजी शापुरजी बंगाली व जॉर्ज किट्रेज यांचे परिश्रम यांतून हे रुग्णालय उभे राहिले. स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनीच उपचार करावेत, हे त्याचे तत्त्व होते. इंग्लंडमधून आलेल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्याची धुरा वाहिली. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता तेथे याच सुमारास क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोगांचे काम चालले होते. तेथील वैद्यक शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी यांची गणना भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत होते. ‘भूल देणारी बाई आहे’ या एका वाक्याने किती स्त्रियांचा जीव भांड्यात पडला असेल, याची कल्पनाच करावी लागते. या सर्व प्रयत्नांमागील सूत्र एकच होते. भीतीचे कारण रुग्णालयाच्या रचनेत असेल, तर धीर देण्याने काम भागत नाही. रचनाच बदलावी लागते.

नावाचे भय

विसाव्या शतकात आणखी एक भय पुढे आले व ते आजही ओसरलेले नाही. ते म्हणजे कर्करोग या नावाचे भय. सर दोराबजी टाटा न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना झाली. उपचार मिळू लागले, तरी ‘टाटाला नेले’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत कुजबुजीच्या स्वरातच राहिला. रोगाचे नाव उच्चारावयाचे नाही, ‘तो आजार’ म्हणावयाचे, आणि मुख्य म्हणजे रुग्णाला सांगावयाचे नाही, असा अलिखित दंडक कित्येक कुटुंबांत पाळला गेला व अद्याप पाळला जातो. डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘तिला काही बोलू नका, ती खचेल’ असे सांगणारे दीर, भाऊ, मुलगे प्रेमापोटीच तसे करतात. पण त्याचा परिणाम असा होतो, की घरात सर्वांना ठाऊक असते व जिला सर्वांत आधी कळावयास हवे ती एकटीच अंदाज बांधत राहते. कोणी पाहुणा अचानक भेटायला आला, लेकीने न विचारता माहेरपणाचे दिवस वाढवले, की तिच्या मनातील संशय पक्का होतो. ती विचारत नाही, कारण विचारले तर घरचे खचतील असे तिला वाटते. दोन्हीकडून चाललेली ही लपवाछपवी शस्त्रक्रियेआधीच्या एकाकीपणाचे एक मोठे कारण आहे.

गेल्या काही वर्षांत हा मौनाचा पडदा थोडा बाजूला सरला आहे. मराठी चित्रपट व मालिकांच्या निर्मात्या, अभिनेत्री स्मिता तळवलकर यांचे ६ ऑगस्ट २०१४ रोजी अंडाशयाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी आजाराचे नाव उघडपणे छापले. अभिनेत्री मनीषा कोईराला यांनी याच आजारावरील आपल्या उपचारांविषयी २०१८ मध्ये पुस्तक लिहिले. नामवंतांच्या अनुभवातून सामान्य स्त्रीला धीर मिळतो हे खरे. परंतु न्यूयॉर्कमधील शस्त्रक्रिया आणि दिव्याहून सकाळच्या गर्दीच्या लोकलने कळव्याला केस पेपर काढावयास येणे, या दोहोंतील अंतर पुस्तकाने मिटत नाही. त्याबाबतीत परळ परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देणारी दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा अधिक उपयोगी ठरते. चिंतेचा मोठा भाग ‘रात्री राहावयाचे कोठे, खर्च भागवावयाचा कसा’ अशा प्रश्नांचा असतो. २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या जन आरोग्य योजनेने त्या खर्चाच्या भीतीवर अंशतः उत्तर दिले आहे.

चिंतेचा शास्त्रीय अभ्यास

शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे मान्य होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९५८ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिशय घाबरलेले रुग्ण नंतरही त्रासलेले राहिले, हे अपेक्षितच होते. परंतु ज्यांना आधी जराही भीती वाटली नाही, तेही नंतर चिडले, खचले व डॉक्टरांवर रागावले. मध्यम प्रमाणात काळजी करणाऱ्यांनी ताण सर्वांत बरा सोसला, असे जॅनिस यांना दिसले. काळजी करणे हेही मनाचे एक काम आहे व ते आधी उरकले तर नंतर उपयोगी पडते, असा त्यांचा सिद्धान्त होता. पुढील संशोधनाने तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. तरीही ‘मुळीच काळजी करू नका’ हा आपल्याकडील सर्वांत सवंग सल्ला त्यामुळे संशयास्पद ठरला, हे मान्य करावे लागेल.

याहून अधिक व्यवहारोपयोगी काम लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने केले. १९६३ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने प्रत्यक्ष येऊन केलेली विचारपूस ही शांत करणाऱ्या औषधापेक्षा रुग्णाला अधिक शांत ठेवते. औषध घेतलेले रुग्ण पेंगत होते, पण शांत नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. शस्त्रक्रियेनंतर कोठे व किती दुखेल, कुशीवर कसे वळावे, श्वास कसा घ्यावा, हे काहींना आधी समजावून सांगितले होते. त्या रुग्णांना वेदनाशामक औषध निम्मेच लागले. कोणास माहिती दिली आहे हे ठाऊक नसलेल्या शल्यविशारदांनी त्यांना इतरांपेक्षा सरासरी २.७ दिवस आधी घरी पाठवले. एका संवादाने एवढा परिणाम साधत असेल, तर तो संवाद हा सौजन्याचा नव्हे, उपचाराचाच भाग ठरतो.

येथे एक अपवाद लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९८३ मध्ये सुझॅन मिलर व चार्ल्स मॅन्गन यांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. धोक्याविषयी सर्व काही जाणून घेऊ इच्छिणाऱ्या व लक्ष दुसरीकडे वळवून ताण सोसणाऱ्या, असे दोन स्वभाव त्यांना आढळले. स्वभावाला जुळेल एवढी माहिती मिळालेल्या स्त्रिया कमी अस्वस्थ राहिल्या. सर्वांना सर्व काही एकदम सांगणे हाही उपाय नव्हे. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. तो विचारण्याची पद्धत आपल्याकडे क्वचितच आढळते, कारण त्याचे उत्तर बहुधा सोबत आलेला पुरुषच देऊन टाकतो.

मन अन्यत्र गुंतवणाऱ्या मार्गांनाही तुच्छ मानण्याचे कारण नाही. १९१४ मध्ये इव्हान केन या अमेरिकी शल्यविशारदाने शस्त्रक्रियागृहात ग्रामोफोन आणला, तेव्हा त्याची थट्टा झाली असल्यास नवल नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सत्तरहून अधिक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात संगीताने शस्त्रक्रियेच्या रुग्णांची चिंता व वेदना दोन्ही घटल्याचे आढळले. कळवा परिसरातील एखादी आगरी वा कोळी स्त्री शस्त्रक्रियेआधी कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलते, माळकरी घरातील स्त्री हरिपाठ म्हणते, मुंब्य्राची स्त्री तसबीह ओढते. क्रॉफर्डबाईच्या स्तोत्रांशी या साऱ्यांचे नाते आहे. उपचार टाळून केवळ अंगाऱ्यावर विसंबणे घातक होय. पण उपचारास निघालेल्या स्त्रीच्या हातातील माळ काढून घेण्याने शास्त्राचा विजय होत नाही.

भयाचा व्यापार

भीतीला आधार देणे ही एक बाजू झाली. भीतीचा उपयोग करून घेणे ही दुसरी बाजू असून तिचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा पडल्यास होणारा दंड, फडावर शौचालयाचा व पाण्याचा अभाव या साऱ्यांनी पाळी हेच संकट बनवले होते. त्यात अंगावर पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे यांसारख्या तक्रारींवर ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे आपणास सांगण्यात आले, असे कित्येक स्त्रियांनी वार्ताहरांना सांगितले. तिशी न ओलांडलेल्या स्त्रियाही त्यांत होत्या. बॅटीच्या काळी स्त्रीची अस्वस्थता हे शस्त्रक्रियेचे कारण होते. येथे शस्त्रक्रियेसाठी अस्वस्थता निर्माण करण्यात आली.

याचा परिणाम खऱ्या रुग्णांवरही होतो. ‘डॉक्टर उगाच घाबरवतात, पैशासाठी पिशवी काढतात’ अशी समजूत एकदा रुजली, की ज्या स्त्रीला शस्त्रक्रियेची खरोखर तातडीने गरज आहे, तीही ती पुढे ढकलते. अंडाशयाचा कर्करोग मुळातच उशिरा लक्षात येणारा. त्यात अविश्वासाने गेलेले दोन महिने परत मिळत नाहीत. सार्वजनिक रुग्णालयांविषयी हा अविश्वास वेगळ्या कारणाने निर्माण होतो. १२-१३ ऑगस्ट २०२३ या चोवीस तासांत कळव्याच्या रुग्णालयात १८ रुग्ण दगावल्याचे वृत्त राज्यभर पसरले व शासनाने चौकशी समिती नेमली. कारणे काहीही असोत, त्यानंतर तेथे शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या स्त्रीच्या मनात ही बातमी नसेल, असे मानता येत नाही. तिच्या या चिंतेला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे होईल. तिला हवे असते ते साधे उत्तर: शस्त्रक्रियेनंतर रात्री वॉर्डात कोण असेल, रक्त लागले तर कोठून येईल, अतिदक्षता विभागात खाट मिळेल की नाही.

सही

या इतिहासातील शेवटचा टप्पा न्यायालयात घडला. १९९५ मध्ये दिल्ली येथील एका ४४ वर्षीय अविवाहित स्त्रीने केवळ दुर्बिणीद्वारे निदान करण्यास संमती दिली होती. ती भुलीच्या अमलाखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली व तिचे गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी 
२००८ रोजी या प्रकरणी निर्णय दिला. निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. सज्ञान रुग्ण शुद्धीवर येण्याची वाट पाहता येत असेल, तर तिच्या वतीने दुसरा कोणी, मग ती आई का असेना, संमती देऊ शकत नाही. प्राण वाचवण्यासाठी विलंब परवडणारा नसेल, तरच अपवाद. उपचार तिच्या हिताचाच होता, हे समर्थन पुरेसे नाही. न्यायालयाने मंजूर केलेली नुकसानभरपाई केवळ २५,००० रुपये होती. निर्णयाचे मोल त्या रकमेवरून जोखता येत नाही.

अंडाशयाच्या संशयित गाठीच्या बाबतीत या निर्णयाचा अर्थ फार थेट आहे. १९०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन याने रूढ केलेल्या गोठवलेल्या छेदाच्या तपासणीमुळे पोट उघडे असतानाच गाठीचा प्राथमिक अहवाल मिळू शकतो व त्यावरून पुढे किती काढावयाचे हे ठरते. म्हणजे निर्णयाची ती वेळ टाळता येत नाही आणि त्या वेळी स्त्रीला विचारताही येत नाही. निदान व उपचार या दोहोंची एकत्रित संमती आधी घेण्यास न्यायालयाने वाव ठेवला आहे. परंतु ती संमती खरी ठरावयाची, तर प्रत्येक शक्यता तिच्यासमोर आधीच मांडली गेली पाहिजे. गाठ साधी निघाली तर काय, शंकास्पद निघाली तर काय, वाईट निघाली तर काय, मूल हवे असेल तर काय राखता येईल, पाळी अचानक थांबल्यावर काय होईल, पोटावरचा छेद उभा का असेल, हे सारे त्यात येते. ‘एक्सप्लोरेटरी लॅपरॉटमी’ असे दोन शब्द लिहिलेल्या छापील कागदावर सकाळच्या घाईत घेतलेला अंगठा ही अशी संमती नव्हे.

यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत. आदल्या दिवशी दुपारी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांपैकी कोणीतरी खाटेशेजारी स्टूल ओढून बसणे, कागदावर अंडाशयाचे व गर्भाशयाचे साधे चित्र काढणे, तिच्या बोलीत बोलणे, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबावयास सांगून तिला एकटीला विचारणे, आणि संमतिपत्र मराठीत, हिंदीत वा उर्दूत तिला वाचून दाखवणे, एवढे पुरते. कळव्याच्या रुग्णालयास वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तेथील विद्यार्थ्यांना पोटाची तपासणी कशी करावी हे शिकवताना, तपासणीनंतर तिच्याशी काय बोलावे हेही शिकवता येण्याजोगे आहे. एगबर्ट यांच्या प्रयोगातील भूलतज्ज्ञांनी आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन केले ते याहून फार वेगळे नव्हते.